उतरायचा टोला

त्या दिवशी सकाळी नदीवर धुकं बसलं, ते दिवसभर उठलं नाही. थंडी फार नव्हती. वारा तर नव्हताच. दुपारी एकदा सूर्य कुठे आहे एवढं कळलं, घासून झिजलेल्या ताटलीसारखा, आणि मग तेही कळेनासं झालं. असं धुकं आलं की आवाज फसवतात. पलीकडच्या काठावरचा कुत्रा कानाशी भुंकतो आणि शेजारचा माणूस लांबून बोलल्यासारखा वाटतो. हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको, तुम्ही याच काठावर वाढलात. शेगडीत अजून एक लाकूड सारा आणि नीट बसा. गोष्ट लांब नाही, पण घाईनं सांगण्यासारखीही नाही.

साल अठराशे सहासष्ट. चोवीस नोव्हेंबर, शनिवार. उत्तर-दक्षिणेची लढाई संपून दीड वर्ष उलटलं होतं. ट्यूनिस ऑस्ट्रँडर आपल्या तरीचा सुकाणी होता, म्हणजे बोट या काठावरून त्या काठावर तो न्यायचा. पन्नाशीला टेकलेला, अंगानं सुका, बोलणं कमी. बायको लढाईच्या आधीच गेली होती. जेवण शेजारी, गॅरिट क्विकच्या घरी. गॅरिट धक्क्यावरच्या पुलाचा माणूस. बोट धक्क्याला लागली की रहाट फिरवून पूल तिच्या डेकाला टेकवायचा, हे त्याचं काम. दोघं एकाच शाळेत एकदमच नापास झालेले, म्हणून दोस्ती पक्की.

रात्रीची आठची शेवटची फेरी झाली होती. ट्यूनिस जेवला आणि उठला. गॅरिटच्या बायकोनं, ॲनेकनं, त्याच्या हातात डबा दिला. बार्नीचा डबा. बार्नी ड्यून हा बोटीच्या इंजिनावरचा आयरिश गडी, तो बोटीतच झोपायचा. भट्टी रात्रभर निखाऱ्यावर ठेवायला कुणीतरी लागतंच.

"घेवडा आहे आणि खारं डुकराचं मांस आहे," ॲनेक म्हणाली. "गरम आहे तोवर न्या. आणि कसं झालंय ते तुम्ही सांगितलंच नाहीत, ट्यूनिस."

"चांगलं झालंय."

"तुम्ही मागच्या आठवड्यात करपलेलं पण चांगलं म्हणालात."

गॅरिट शेगडीपाशी मोजे वाळवत बसला होता. तो म्हणाला, "अगं, त्याला जोड्याचं कातडं शिजवून घाल. तेही चांगलंच म्हणेल. ट्यूनिस, बार्नीला सांग, डबा धुऊन दे. मागच्या खेपेला आत पाइपाची राख होती."

ट्यूनिस हसला. म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं. ॲनेकचं म्हणणं खोटं नव्हतं. खारट, गोड, कडू, त्याला काहीच कळत नव्हतं. त्या वसंतात त्याचा तळहात वाफेच्या नळीला चिकटला होता, आणि मांस भाजल्याचा वास आला तेव्हा तो इकडेतिकडे बघत होता, कोण काय भाजतंय म्हणून. लढाईवरून तो असाच आला होता. हातपाय शाबूत. बाकी काही विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, तरीचा सुकाणी लढाईवर कशाला गेला? तो नाही गेला. बोट गेली, आणि तिच्याबरोबर तो गेला.

आपली ती बोट, ॲबिगेल. तरीच्या बोटीला शेंडा-बुडखा नसतो. दोन्ही टोकं सारखी, दोन्हीकडे सुकाणू, दोन्हीकडे वर सुकाण्याची खोली. पलीकडे पोचलं की बोट वळवायची नाही. सुकाण्यानं वरच्या माळ्यावरून या खोलीतून त्या खोलीत चालत जायचं, की मागचं पुढं झालं. दक्षिणेकडच्या नद्या अरुंद. तिथे लांब बोट वळवायला गेलं की दोन्ही काठांना अडकते, आणि काठावर बंदुका. म्हणून सरकारी आरमारानं तरीच्या बोटी विकत घेतल्या. ॲबिगेलच्या अंगाला लोखंडाचे पत्रे ठोकले. जिथे गवताच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथे तोफा ठेवल्या, एक या तोंडाला, एक त्या तोंडाला. आरमाराचे खलाशी हसायचे. म्हणायचे, "हिचं डोकं कुठलं आणि ढुंगण कुठलं, ते सांगा, म्हणजे सलाम कुणीकडे करायचा ते कळेल." पण तिला चालवणं त्यांना जमेना. तेव्हा बोटीबरोबर ट्यूनिसलाही उचललं.

सोबत आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे घंटा.

आपल्या तरीवर तेव्हा शिट्टी नव्हती. घंटा होती. ट्यूनिसच्या बापाच्या काळात, तरीची बोट घोड्यांनी ओढायची होती तेव्हापासून, एक रीत होती. सुकाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आला, सुकाणूला हात लावला, की दोरी ओढून दोन टोले द्यायचे. दोन टोले म्हणजे चढा. मग पलीकडे पोचलं, पूल नीट टेकला, की एक टोला. एक टोला म्हणजे उतरा. तो एक टोला पडल्याशिवाय कुणी पाय उचलायचा नाही. एक बाई आधीच उतरली होती आणि पुलाच्या फटीतून गेली होती, त्यापासूनची ही रीत. ट्यूनिसनं बावीस वर्षं ती पाळली. खोली बदलली की हात आपोआप वर जायचा. तुम्ही घरात शिरताना टोपी काढता, ती विचार करून काढता का? तसं.

त्याच्या बापाचं आणखी एक सांगणं होतं. पलीकडच्या काठावर तेव्हा एक लोखंडी पत्रा टांगलेला असायचा, आणि त्याच्या शेजारी हातोडा. रात्री-अपरात्री ज्याला यायचं असेल त्यानं पत्रा वाजवायचा. बाप म्हणायचा, "हाक आली की जायचं. माणूस कोण आहे ते पलीकडे गेल्यावर बघायचं."

दक्षिणेत ॲबिगेल चोवान नदीवर फिरत होती. पाणी चहासारखं काळं, आणि काठानं सरूची झाडं पाण्यातच उभी. पहिल्या उन्हाळ्यात तिनं कितीतरी माणसं उचलली. काळी माणसं, मालकाच्या शेतावरून पळालेली. ती दिवसा झाडीत लपायची. बोट काठाला आली की ट्यूनिस दोन टोले द्यायचा आणि ती झाडांमधून बाहेर यायची. गाठोडी, पोरं, एकदा एक शिवणयंत्रसुद्धा. ही गोष्ट त्या काठानं तोंडोतोंडी गेली. घंटेची बोट. दोन टोले दिले की चढायचं.

मग शेजारच्या नदीवर एका बोटीला कुणी तरी रडून हाक मारली, बोट काठाला गेली, आणि झाडीतून गोळ्या आल्या. त्यानंतर हुकूम निघाला, कुठल्याही हाकेला थांबायचं नाही. ॲबिगेलवरचा अधिकारी, फॉल्जर साहेब, वाईट माणूस नव्हता. त्यानं हुकूम वाचला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. एवढंच.

चौसष्ट सालची चोवीस नोव्हेंबर. आभाराच्या सणाचा दिवस होता. आरमारानं जहाज भरून टर्की पाठवल्या होत्या, आणि पोरांनी दुपारी पोट फुटेस्तोवर खाल्लं होतं. रात्री ॲबिगेल एका बाजूच्या फाट्यात शिरली. दिवे मालवलेले. आत मैलभर गेल्यावर पुढे झाडं तोडून आडवी टाकलेली दिसली. दुसरी बोट असती तर तिथेच संपली असती. फॉल्जर साहेब हळूच म्हणाले, "ऑस्ट्रँडर, दुसरीकडे."

ट्यूनिस अंधारात वरच्या माळ्यावरून चालत गेला. दुसऱ्या खोलीत शिरला. सुकाणूला हात लावला.

आणि दोरी ओढली.

दोन टोले.

त्याला कळलंसुद्धा नाही. आवाज पाण्यावरून गेला तेव्हा कळलं. मग काठाकडची झाडं हलल्यासारखी वाटली, आणि त्यातून माणसं बाहेर आली. दहा-बारा असतील. ती ओरडली नाहीत. कमरेपर्यंत पाण्यात उतरली आणि बोटीकडे चालू लागली. पुढे एक बाई होती, डोक्यावर गाठोडं. ती वर सुकाण्याच्या खोलीकडे बघत होती. घाबरून नाही. माणूस तरीवाल्याकडे बघतं तसं.

"चला," फॉल्जर साहेब म्हणाले. "पूर्ण वेगानं."

सुकाणू ट्यूनिसच्या हातात होतं. त्यानं ते धरून ठेवलं. बोट त्यांच्या अंगावर लाटा टाकत निघाली. ती माणसं तरीही चालत होती, पाणी छातीपर्यंत आलं तरी. मग मागे गोळ्या सुरू झाल्या, घंटा काठावरच्या शत्रूनंही ऐकली होती. गोळ्या बोटीवर फार कमी आल्या.

ट्यूनिसनं मागे बघितलं नाही. फाटा अरुंद होता, पुढे बघावं लागत होतं.

सकाळी साहेबांनी सगळ्यांना डेकावर उभं केलं. साठ माणसं. साहेबांनी विचारलं, "घंटा कुणी वाजवली?"

कुणी बोललं नाही. ट्यूनिसही बोलला नाही. साहेबांनी तीनदा विचारलं, आवाज न चढवता. मग म्हणाले, "घंटा काढा." घंटा काढली आणि चोवानमध्ये टाकली. ती बुडाली तेवढ्यापुरतं पाणी पांढरं झालं, आणि पुन्हा काळं.

तेव्हापासून तो असा होता. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. गॅरिटलाही नाही.

लढाई संपली, बोट परत आली. पत्रे काढले, रंग दिला, नव्या मालकांनी तिच्यावर वाफेची शिट्टी बसवली. मालक नवे, त्यांचे नियमही नवे. आठनंतर फेरी नाही. पत्र्याला उत्तर नाही. जो जाईल त्याची नोकरी जाईल. पलीकडचा हाकेचा पत्रा मात्र काढायचा राहून गेला होता.

तर त्या शनिवारी ट्यूनिस डबा घेऊन बोटीवर गेला. बार्नी भट्टीपाशी उकिडवा बसून खाऊ लागला.

"कप्तान, आज पण घेवडा," बार्नी म्हणाला. "मी गावाकडे बटाटा खात होतो, बटाटा संपला म्हणून इकडे आलो. आता घेवडा संपायची वाट बघतोय."

"डबा धुऊन दे म्हणाला गॅरिट."

"गॅरिटला म्हणावं, राख फुकट दिली होती, बिल लावलं नाही."

ट्यूनिस निघायला उठला. शिडीवर एक पाय ठेवला.

तेव्हा पत्रा वाजला.

नदीच्या पलीकडून, धुक्यातून. तीनदा. मग थोडं थांबून पुन्हा तीनदा.

बार्नी चावता चावता थांबला. "कुणी पिऊन आलेला दिसतोय. वाजवू दे. हात दुखले की झोपेल."

पुन्हा तीनदा.

"वाफ किती आहे?" ट्यूनिसनं विचारलं.

"कप्तान, नको."

"किती आहे?"

"एक खेप होईल. पण सोमवारी मालकाचा माणूस येतो. दोघांना हाकलील. तुझं वय झालं, मला तरी अजून लग्न करायचंय."

"तू झोपला होतास," ट्यूनिस म्हणाला. "मी उठवलं आणि धमकावलं. असं सांग."

बार्नीनं त्याच्याकडे बघितलं. "तू कधी कुणाला धमकावलंयस? कुणाला खरं वाटेल?" पण त्यानं डबा बाजूला ठेवला, आणि फावडं उचललं.

पाव तासानं ॲबिगेल निघाली. शिट्टी दिली नाही. धुक्यात पुढचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. ट्यूनिसनं काच खाली घेतली आणि जिवाचा कान करून पत्र्याच्या आवाजावर बोट नेली. तीन. थांबा. तीन. माणूस दमत नव्हता. एकाच ताकदीनं वाजवत होता.

बोट पलीकडच्या धक्क्याला घासली तसा आवाज थांबला.

ट्यूनिस कंदील घेऊन खाली उतरला. डेकाची साखळी सोडली. धक्क्यावर गेला.

"कोण आहे?"

कुणी नव्हतं. तिथला पुलाचा माणूस केव्हाच घरी गेलेला. रस्त्यावर धुकं, आणि धुक्यात काही नाही. तो पत्र्यापाशी गेला. हातोडा खुंटीवर होता. नीट टांगलेला. त्यानं पत्र्यावर तळहात ठेवला.

पत्रा अजून थरथरत होता.

तो तसाच उभा राहिला. बराच वेळ. बापाचं सांगणं त्याला माहीत होतं, हाक आली की जायचं. पण जाऊन कुणी नसलं तर काय करायचं, ते बापानं सांगितलं नव्हतं. शेवटी तो परतला. साखळी लावायला वाकला... आणि लावली नाही. का, ते त्याला पुढेही सांगता आलं नाही. साखळी तशीच उघडी ठेवून तो वर गेला.

आता परत जायचं, म्हणजे दुसऱ्या खोलीत जायचं. तो वरच्या माळ्यावरून चालत निघाला. सत्तर पावलं. रोजची. कंदिलाचा उजेड पायापुरता. मध्यावर आल्यावर त्याला वाटलं, आपण कुठून आलो? पुढे खोली. मागे खोली. दोन्ही सारख्या. खाली पाणी काळं.

वास आला. सरूच्या मुळांचा, कुजलेल्या पानांचा. आपल्या नदीला तो वास नाही.

तो चालत राहिला. दुसऱ्या खोलीत शिरला. सुकाणूला हात लावला.

आणि उजवा हात वर गेला.

दोरी नव्हती. दोन वर्षं झाली, तिथे दोरी नव्हती. बोटं रिकाम्या हवेवर मिटली. हात खाली आला.

टण्ण.

डोक्यावर. अगदी डोक्यावर. त्याला हात थांबवायचा होता. हात पुन्हा वर गेला... खाली आला.

टण्ण.

मग काही नाही.

मग बोट हलली. एका बाजूनं थोडी कलली, धक्क्याच्या बाजूनं. पुन्हा सरळ झाली. पुन्हा थोडी कलली. पायाखाली ते कळतं. बावीस वर्षं ज्यानं माणसं वाहिली त्याला डोळे मिटूनही कळतं. एक चढलं. मग दोन. मग एक, जड, काहीतरी डोक्यावर घेतलेलं. मग लहान पावलं.

त्यानं खाली बघितलं नाही.

खाली इंजिनाच्या खोलीशी बोलायची एक नळी होती. तिच्यातून बार्नीचा आवाज आला. "कप्तान, किती माणसं घेतलीस?"

ट्यूनिसनं कंदील खुंटीला अडकवला.

"गाड्या पण आहेत का? बोट पाण्यात खाली बसलीय. कप्तान?"

"निघ," ट्यूनिस म्हणाला.

"आणि घंटा कसली वाजली? आपल्याकडे..."

"बार्नी. निघ."

बोटीची पाणी कापायची चाकं फिरली. जड फिरली. भरलेल्या बाजाराच्या दिवशी फिरतात तशी. नळीतून बार्नीचा श्वास ऐकू येत होता. मध्ये एकदा तो म्हणाला, "कुणी बोलत का नाही? इतकी माणसं... कुणी खोकतसुद्धा नाही."

ट्यूनिसनं सुकाणू धरून ठेवलं. पुढे बघितलं. या वेळी बोट कुणाला सोडून जात नव्हती, एवढंच त्याला कळत होतं. हाताला काहीतरी होत होतं. काय, ते आधी समजलं नाही. मग समजलं. लाकूड गार होतं. त्याची बोटं गारठली होती, आणि दुखत होती. तळहातावरचा तो जुना चट्टा जळत होता, आत्ताच भाजल्यासारखा.

तो रडला असं कुणी म्हणत नाही. बार्नीनं नंतर एवढंच सांगितलं, की नळीतून कुणीतरी नाक ओढल्यासारखं ऐकू आलं.

आपल्या धक्क्यावर एक कंदील हलत होता. गॅरिट. रात्रीच्या सदऱ्यावर कोट चढवलेला, पायात मोजे नाहीत. ते वाळत होते.

"मालकाच्या पैशानं हवा खायला गेला होतास का रे?" त्यानं धुक्यातून ओरडून विचारलं. "ॲनेक म्हणाली, बोट निघाली. मी म्हटलं, ट्यूनिस आणि चोरी? त्याला चव कळत नाही, चोरी काय कळणार."

बोट धक्क्याला लागली. गॅरिटनं रहाट धरला आणि फिरवू लागला. रिकामी बोट पाण्यात वर तरंगते. तेव्हा पूल वरच राहतो, तीन-चार फेरे दिले की टेकतो. गॅरिटनं चार दिले. पूल डेकाच्या वरच. सहा दिले. आठ. तो थांबला. कंदील घेऊन वाकला आणि बघितलं. अजून दोन दिले. दहाव्या फेऱ्याला पूल टेकला.

तो पुलावरून चालत बोटीवर आला. गाड्यांच्या रस्त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कंदील दोन्हीकडे फिरवला. बाकं रिकामी होती. परत आला तोवर ट्यूनिस खाली उतरला होता. बार्नीही वर आला होता. तो कुणाकडे न बघता पुलावरून पलीकडे गेला आणि रहाटापाशी जमिनीवर बसला. म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. मला विचारू नका." आणि मांडीत डोकं घातलं.

गॅरिटचा चेहरा आता थट्टेचा नव्हता. तो हळू बोलला.

"पलीकडून निघालात तेव्हा मी इथे उभा होतो. घंटा ऐकली. दोन टोले." त्यानं वर छपराकडे बघितलं, जिथे आता नुसती शिट्टी होती. "घंटा कुणी वाजवली, ट्यूनिस?"

तेच शब्द. तोच प्रश्न. ट्यूनिसला वाटलं, आपल्या पाठीमागे साठ माणसं उभी आहेत. किंवा दहा-बारा.

"मी," तो म्हणाला.

मग तो बोलत राहिला. तिथेच, डेकाच्या कडेला बसून. फाटा, आडवी झाडं, दोरी. ती बाई. तिचं वर बघणं. साहेबांनी तीनदा विचारलं आणि तीनदा तो गप्प राहिला, तेही. सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. दोन वर्षं पोटात होतं, पण सांगायला लागल्यावर पाव तासात संपलं. गॅरिट शेजारी बसून ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं कोट काढून ट्यूनिसच्या खांद्यावर टाकला, कारण ट्यूनिस थंडीनं कुडकुडत होता. पुढे दोघंही तिथेच बसून राहिले.

पहाटे धुकं उठलं. नदी वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसू लागली. रविवार होता, काठावर कुणी नव्हतं. बार्नी रहाटाला टेकून झोपला होता. गॅरिट उठला, पुलावर गेला, आणि खाली वाकून बोटीची बाजू बघू लागला. बोटीवर एक माणूस. गाडी नाही, घोडा नाही. रंगाचा पांढरा पट्टा, जो रिकाम्या बोटीला पाण्याच्या हातभर वर दिसायला हवा, तो दिसत नव्हता. तो पाण्याखाली होता. बोट भरलेली होती.

गॅरिट बराच वेळ तसाच वाकून होता. मग सरळ झाला. त्यानं टोपी काढली, बायकामाणसांसमोर काढतात तशी, आणि रिकाम्या बाकांकडे बघितलं. मग ट्यूनिसकडे.

"दोन दिलेस ना," तो म्हणाला. "उतरायचा अजून दिला नाहीस, ट्यूनिस. ती बसून राहिलीत."